पाण्याची लाज

आजारपणात कुणी आपल्यासाठी काय काय केलं, हे माणूस मोठ्या तोंडानं सांगतो. मला ते जमत नाही. मला आधी पाणी आठवतं, आणि पाणी आठवलं की मान आपोआप खाली जाते.

मी गंगेकाठची. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. विष्णुपुरीच्या अलीकडं, नदीला अगदी लागून आमचं गाव. कपडे धुवायचे तर गंगा, म्हैस धुवायची तर गंगा, मैत्रिणीशी गुपित बोलायचं तरी गंगेच्या दगडावर बसूनच. पाणी मोजून वापरतात हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा नांदेडला होती आणि पोरीला रोज यष्टीनं कोण पाठवणार? मग स्थळ आलं, आणि मी लातूरला आले. नकाशात बघितलं तर नांदेड आणि लातूर शेजारी शेजारी दिसतात. माझ्या मनात ते अंतर फार मोठं होतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचे हे नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. माणसं आली होती, टेबलं यायची होती. सकाळी लवकर जाऊन खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा लागतो, यष्टीत टाकतात तसा, असं हे हसत सांगायचे. नवी नोकरी, त्यामुळं रजेचं नाव काढायची सोय नव्हती. आणि नव्या जिल्ह्यात जुना दुष्काळ. नळ आठवड्यातून एकदा यायचा तोही खोकत खोकत, मधल्या दिवसांत टँकर आला तर आला.

आम्ही एका लिंगायत डाळ-व्यापाऱ्याच्या घरामागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावरचा पदर कधी हललेला मी बघितला नाही. आवाज मात्र असा की त्यांनी हाक मारली तर अंगणातला हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवायचा. सकाळी अंघोळ, मग लिंगपूजा, त्यानंतरच चहाचा घोट, हा त्यांचा नेम. दुष्काळात अंघोळ एका तांब्यावर आली होती पण नेम तसाच होता. घरात येणारं पाणी त्या स्वतः वाटायच्या. आमच्या वाट्याचं पाणी मोरीशेजारच्या पिंपात पडायचं आणि मी ते असं वापरायचे की जणू कुणाच्या घरातून चोरून आणलंय.

उन्हाळा तोंडावर असताना मला भाताचा वास सोसेना. मग कशाचाच सोसेना. अंग मोडून आल्यासारखं व्हायचं. लघवी चहासारखी व्हायला लागली, पण ते कुणाला सांगणार? एक दिवस अक्कांकडं डाळ निवडायला बसले होते. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"डोळे वर कर. वर गं. आगं बया! कावीळ हाय ही. हळदीचं पोतं झालीस की, पोरी! आमच्या दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक भाव इचारंल."

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले, आणि खोलीत येऊन दार लावून रडले. रोगाचं भय होतंच, पण दुसरं भय त्याच्याहून मोठं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला बाळंतपणानंतर अंगावर सूज आली, म्हणून तिच्या सासरच्यांनी "बरी होऊन ये" म्हणत माहेरी आणून सोडलं होतं. ती बरी झाली. न्यायला मात्र कुणी आलंच नाही. ती अजून आईच्या घरी चूल फुंकत होती. त्यामुळं संध्याकाळी ह्यांनी माझे डोळे बघून "तू महिनाभर माहेरी जाऊन ये, इथं तुझं कोण करणार?" असं म्हटलं, तेव्हा ते काळजीनं बोलले हे मला कळत होतं, तरी मला बहिणीची चूलच दिसली. मी म्हटलं, "अहो, मी इथंच बरी होते. नका पाठवू."

"बघू," हे म्हणाले. त्या "बघू"वर मी पुढचे सगळे दिवस लटकून होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर भले होते पण तुटक बोलायचे. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले आणि हात धुतले.

"याला औषध नाही," ते म्हणाले. "हा विषाणूचा आजार. शरीर स्वतःच बरं करतं, वेळ लागतो. आराम करा. तेलकट नको, गोड चालेल. आणि पाणी. उकळून गार केलेलं, भरपूर. लघवीचा रंग निवळेपर्यंत पीत राहा."

ह्यांचं तोंड पडलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "सुई नाही, सलाईन नाही. मग डॉक्टर कशाचा?" आमच्याकडं डॉक्टर सुईवरून ओळखतात. कचेरीतल्या कुणीसं सांगितलं म्हणून ह्यांनी लाल औषधाची एक बाटली आणली आणि खिडकीत ठेवली. ते औषध इतकं गोड होतं की चमचा ठेवला तिथं मुंग्यांची रांग लागायची.

अक्कांना बाटली दिसली.

"काविळीला बाटली? कावीळ उतरवावी लागती गं. हितं जवळच मुरुडला एक बाई हाय, तिची माळ घातली की उतरतीच. माझ्या दिराची उतरली, हमालाची उतरली, आता तुझी न्हाई उतरणार व्हय?"

आणि त्या स्वतः मुरुडला गेल्या. भर उन्हात, बाजाराच्या गर्दीच्या गाडीनं. येताना पळसाच्या पानात गुंडाळलेली माळ घेऊन आल्या. कसल्याशा ओल्या मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले, आणि माळ इतकी लहान की डोक्यावर मुकुटासारखी बसली. नियम असा की आजाऱ्यानं तिला हात लावायचा नाही. कावीळ उतरेल तशी माळ आपोआप मोठी होते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली सरकते. पायातून निघाली की रोग गेला. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची.

मी "नको" म्हणू शकले नाही. बाटलीलाही म्हणू शकले नव्हते. माझ्यासाठी जो कुणी काही आणत होता त्याच्यासमोर मी फक्त मान हलवायचे. डॉक्टरांकडं पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा माळ कानापर्यंत आली होती. मी पदर पुढं ओढून बसले. डॉक्टर म्हणाले, "पदर मागं घ्या, डोळे बघायचेत."

पदर मागं गेला. डॉक्टर माझ्या डोक्याकडं बघत राहिले. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले, जणू माझ्याबरोबर आलेच नव्हते.

"हे काय?"

"माळ," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला." मग त्यांनी सुस्कारा सोडला. "असू दे. माळेनं काही बिघडत नाही. पाणी पिताय ना भरपूर?"

"हो," मी म्हटलं.

पीत नव्हते.

त्याचं कारण लिहिताना अजून जड जातं. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला होता. मध्ये अंगणभर डाळीची पोती. तिथं दिवसभर तराजू टांगलेला, हमाल, गाडीवाले, गिऱ्हाइकं. नव्या नवरीनं पिंपातून टमरेल भरायचं आणि ते पदराआड धरून त्या सगळ्यांच्या समोरून जायचं. जाताना सगळ्यांना कळायचं, येताना पुन्हा कळायचं. आणि दर वेळेला एक टमरेल पाणी जायचं. गंगेकाठी मला हे दोन्ही प्रश्न कधी पडले नव्हते.

अक्का माझ्यासाठी रोज चुलीवर वेगळं पाणी उकळायच्या. ते गार करून, फडक्यानं गाळून, लहान माठात भरून माझ्या दाराशी आणून ठेवायच्या. स्वतः एका तांब्यात अंग ओलं करणारी बाई माझ्या दाराशी भरलेला माठ ठेवत होती.  ओठ ओले होण्यापुरता घोट घ्यायचे. सबंध दुपार जीभ टाळूला चिकटलेली असायची, पण सोसायचे. प्यायलं की जावं लागतं, गेलं की पाणी लागतं. संध्याकाळी माठातलं उरलेलं पाणी मी हळूच वापरायच्या पिंपात ओतून द्यायचे. वाया जायला नको म्हणून. अक्का सकाळी रिकामा माठ उचलायच्या आणि समाधानानं म्हणायच्या, "पिलीस सगळं? श्यानी गं माझी."

माळ मात्र झपाट्यानं उतरत होती. कानावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या आणि अक्का माळेकडं बोट दाखवायच्या. आमचे हे एकदा दारातून बोलले, "हवा कोरडी आहे, अक्का. मुळ्या वाळून आकसतात, दोरा ढिला पडतो. त्यात काही नाही."

"बरं बाबा. मग तुमच्या बाटलीनं काय ढिलं पडलं ते सांगा."

हे चप्पल घालून कचेरीला निघून गेले. पण अक्कांची ही जीत टिकली नाही, कारण पुढं माळ पायातून निघाली तरी माझे डोळे पिवळेच होते. अंगाला खाज सुटायची, रात्र रात्र झोप नसायची. उभं राहिलं की अंधारी यायची. बाया माळेकडं बघायच्या, मग माझ्या डोळ्यांकडं, मग अक्कांकडं. अक्कांनी मला खोलीत नेऊन हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, तेल खाल्लंस? लोणचं? चोरून भजी?"

"न्हाई अक्का, आईशप्पथ."

"असं कवाच झालं न्हाई गं." त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. माझ्यामुळं त्यांचा शब्द गल्लीत खाली पडत होता, हेही मला दिसत होतं.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "येत्या रविवारी तुझ्या भावाला कार्ड टाकतो. येऊन घेऊन जाईल. मी दिवसभर कचेरीत, तू इथं अशी. माझंही लक्ष लागत नाही कामात."

 आईच्या चुलीसमोर आता दोन बहिणी बसलेल्या मला दिसत होत्या.

शनिवारी दुपारी अंगणात सामसूम होती. हमाल जेवायला गेले होते. ती वेळ बघून मी माठ उचलला आणि पिंपाकडं गेले. पिंपाच्या काठावर माठ टेकवला आणि डोळ्यांपुढं काळं झालं. पुढचं मला आठवतं ते असं, की मी फरशीवर बसलेली, माठ फुटलेला आणि पाणी फरशीच्या उतारावरून मातीकडं निघालेलं. मला लागलं होतं का, कुणाला हाक मारावी का, यातलं काहीच मनात आलं नाही. मी पदराचा शेव त्या पाण्यात बुडवून बादलीत पिळायला लागले. पुन्हा बुडवायचा, पुन्हा पिळायचा. मातीत जायच्या आत जेवढं मिळेल तेवढं.

"काय करायलीस?"

अक्का दारात उभ्या होत्या.

"पाणी सांडलं, अक्का. चुकलं. भरून काढते मी. आज अंघोळ करत न्हाई."

"हे माठातलं पाणी हाय. माठ हितं कशाला आणलास?"

मी पदर पिळत राहिले.

"मी इचारायले तुला. भरल्याला माठ पिंपापाशी कशाला आणलास? रोज अशीच वततीस व्हय?"

मग मला सांगावंच लागलं. तोंड पदरात घालून, अर्धं हुंदक्यात. प्यायलं की जावं लागतं. गेलं की पाणी लागतं. तिकडं सगळी माणसं बसलेली. तुम्ही एका तांब्यात अंघोळ करता आणि मी किती टमरेलं नेऊ? आणि हे उद्या कार्ड टाकणार आहेत.

 मला वाटलं, आता खोली रिकामी करा म्हणतील. पण अक्कांनी माझं बखोट धरून मला उठवलं, घरात नेलं, आपल्या पितळी तांब्यात पाणी ओतलं आणि माझ्या तोंडाला लावलं.

"पी."

मी त्यांच्या प्यायच्या तांब्याला तोंड लावायला कचरले. काविळीचं तोंड.

"पी म्हणते ना! तांब्या राखंनं घासता येतो."

एक तांब्या. मग दुसरा. मी त्यांच्या चौकटीला टेकून बसले होते. थोड्या वेळानं जे व्हायचं तेच झालं. मी उठून चुळबुळ करायला लागले. तोवर हमाल परत आले होते, तराजूवर वजनं वाजायला लागली होती. मी पुन्हा खाली बसले.

अक्कांनी बघितलं. त्या उठल्या. पिंपात टमरेल बुडवून काठोकाठ भरलं. ज्या बाईनं लिंगपूजेशिवाय चहाला हात लावला नाही, जिच्या स्वयंपाकघरात मी चप्पल काढून, पाय पुसून जायचे, ती बाई संडासाचं टमरेल हातात घेऊन अंगणात उतरली. पदराआड न घेता, सरळ पुढं धरून.

"चल," मला म्हणाल्या.

सगळे हमाल बघायला लागले. अक्का मध्येच थांबल्या.

"काय बघता रे? तुम्हाला कवा लागत न्हाई का? पोर आजारी हाय. आजपासनं ती हितनं गेली की माना तिकडं करायच्या. तराजू तिकडं लिंबाखाली न्या, हितं काय सोनं मोजता?"

एक म्हातारा हमाल म्हणाला, "नेतो की, अक्का. आमालाच तिकडं सावली हाय." कुणीतरी हसलं, पण वाईट नाही.

त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, मी बाहेर येईपर्यंत.  मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि एवढं कुणी माझं कधी केलंही नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला तेव्हा जमलं नाही. आजही जमत नाही.

संध्याकाळी हे आले तेव्हा अक्का ओसरीवर वाट बघतच बसल्या होत्या.

"कार्ड टाकायचं न्हाई," त्यांनी सांगून टाकलं.

"पण अक्का, तिचं कोण..."

"तुमच्या डाक्टरनं पाणी पाज म्हणून सांगितलं हुतं का न्हाई? मग घोटभर तरी पिती का, बघितलं कवा? बाटली आणून खिडकीत ठिवली की झालं?" मग त्या थांबल्या आणि मातीकडं बघत म्हणाल्या, "आन् मी बी माळच मोजत बसले. पोर समोर वाळून चालली हुती."

 रविवारी ह्यांनी कार्ड टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला पिंपाचा आवाज आला. बघते तर हे टमरेलं भरून संडासाच्या दाराशी नेऊन ठेवत होते. मी बघितलं हे त्यांना कळलं नसावं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. पण ते रोज ठेवत राहिले, कचेरीला जायच्या आधी, रुमाल टाकायला उशीर झाला तरी.

मी बरी झाले, पण एकदम नाही. डोळे निवळायला वेळ लागला आणि अंगातला थकवा जायला त्याहून जास्त. ओसरीच्या दोन पायऱ्या चढले की बसावं लागायचं. कशानं बरी झाले यावर घरात अजून एकमत नाही. हे म्हणतात, बाटलीनं थोडं केलंच असेल. अक्का अखेरपर्यंत म्हणायच्या, माळेनं कावीळ उतरवली हुती, फक्त पोरीनं तिला वाट दिली न्हाई. डॉक्टरांनी शेवटी डोळे बघून "ठीक" एवढंच म्हटलं.

राहिली माळ. ती वाहत्या पाण्यात सोडायची होती, आणि लातूरभोवती वाहतं पाणी नव्हतं. मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. अक्कांनीच सुचवलं, "तुझ्या गंगेत सोडून ये." माझा चेहरा बघून लगेच म्हणाल्या, "दोन दिवसांसाठी गं. नळाच्या दिवशी मला हंडे उचलायला माणूस पाहिजे. आली न्हाईस तर मीच येऊन वढून आणीन."

मी गेले. आईनं बघितलं आणि "केवढी वाळलीस" म्हणून तोंडावरून हात फिरवला. गंगासुद्धा आटली होती, तरी डोहातून एक धार वाहत होती. बहिणीला बरोबर घेऊन मी तिथं माळ सोडली. वाळलेल्या मुळ्या गोल गोल फिरत गेल्या. बहीण विचारत होती, "लातूरचे लोक चांगले हायेत?" मी तिला सगळं सांगू शकले नाही. "हायेत," एवढंच म्हटलं.

येताना मी तेलाचा एक मोठा डबा घासून घासून धुतला, गंगेचं पाणी भरून झाकण घट्ट बसवलं आणि यष्टीत पायांत धरून बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, तेल असंल तर आत चालायचं न्हाई."

"पाणी हाय."

गाडीत लातूरची माणसं होती. कुणी हसलं नाही. एकानं पाय आवरून डब्याला जागा करून दिली.

मला वाटलं होतं, अक्का ते पाणी पूजेला ठेवतील. त्यांनी डब्याचं झाकण काढून आत बघितलं. लिंगावर एक पळी घातली. "आमच्या लिंगाला समदं पाणी सारखंच गं," म्हणाल्या, आणि मग इकडंतिकडं बघून, पोरीसारखं, "पोरी, डोकं धुऊ का मी?"

त्या मोरीवर पाठमोऱ्या बसल्या आणि डोक्यावरचा पदर काढला. मी त्यांचे केस पहिल्यांदाच बघितले. पांढरे, लांब, एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे झालेले. किती दिवस धुतले नव्हते हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझे माठ रोज भरत होते, त्याच दिवसांतले ते केस होते.

मी तांब्या घेतला आणि हात आखडून अगदी बारीक धार धरली.

"वत की नीट," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "पाण्याला लाजायची तुझी खोड जात न्हाई बघ अजून."

मी तांब्या पुरता कलता केला.